सभासद सोडून गेले, की आपणच नाव खोडलं?

पत्र थोडक्यात: पत्रलेखक ६७ वर्षांचे, बांधकाम खात्यातून निवृत्त. नाशिकमधल्या निवृत्त सरकारी कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेचे सचिव आहेत. नोंदवहीत ६१२ नावं, वार्षिक वर्गणी २०० रुपये, यंदा ती भरली २३० जणांनी. ते लिहितात, "पेन्शनचं प्रकरण अडकलं की माणूस सीबीएस बसस्थानकाजवळच्या आमच्या कार्यालयाचे दोन जिने धापा टाकत चढतो. आम्ही त्याच्यासाठी ट्रेझरीत खेटे घालतो. पेन्शन सुरू झाली की तोच वर्गणीसाठी फोन उचलत नाही. गरज सरो, वैद्य मरो! मासिक सभेला तेच पंचवीस चेहरे. दरवर्षी दहा-पंधरा सभासद निवर्ततात, त्यांची नावं कमी करावी लागतात. आम्ही वर्षाला दोन सहली काढतो, महिलांसाठी हळदीकुंकू ठेवतो, १७ डिसेंबरला पंचाहत्तरी गाठलेल्यांचा सत्कार करतो. तरी गळती थांबत नाही." कार्यकारिणीपुढे तीन प्रस्ताव आहेत: वर्गणी थकवणाऱ्यांना व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढणं, वार्षिक वर्गणी बंद करून ३००० रुपयांचं आजीव सभासदत्व ठेवणं, आणि सभासद नसलेल्यांची कामं न करणं. सचिव स्वतः थकले आहेत, राजीनाम्याच्या विचारात आहेत.

सचिवसाहेब, नमस्कार.

६१२ वजा २३० म्हणजे ३८२. ही वजाबाकी तुम्ही पत्रात तीन वेळा केली आहे आणि तिन्ही वेळा त्या ३८२ जणांना एकाच रांगेत उभं केलं आहे, "सोडून गेलेले" म्हणून. पण त्यांतल्या एकालाही तुम्ही का सोडलंत असं विचारल्याचा उल्लेख पत्रात कुठे नाही. वर्गणीसाठी फोन केले, हे दिसलं. वर्गणीचा फोन आणि चौकशीचा फोन यांतला फरक पलीकडच्याला पहिल्या वाक्यात कळतो, आणि हल्ली तर अनोळखी नंबर उचलायचाच नाही असं मुलांनी बजावलेलं असतं. फोन न उचलणारा प्रत्येक जण कृतघ्न असतो असं नाही.

म्हणून आधी वही उघडा. प्रत्येक नावापुढे एक शब्द लिहा: वारले, पुण्याला मुलाकडे गेले, जिना चढवत नाही, विसरले, रागावले. जो शब्द माहीत नसेल तिथे त्याच खात्यातल्या, शक्य तर त्याच कार्यालयातल्या जुन्या सहकाऱ्याला फोन करायला सांगा, आणि त्या फोनमध्ये पैशांचा विषय काढायचा नाही. माझा अंदाज असा की खरोखर रागावून गेलेल्यांचा गठ्ठा सगळ्यांत छोटा निघेल आणि "कुणी मागितलीच नाही" म्हणणाऱ्यांचा बराच मोठा. नोकरीत असताना संघटनेची वर्गणी घ्यायला कुणीतरी टेबलापाशी यायचं. आता सभासद म्हसरूळला राहतो, तुमचं पावतीपुस्तक सीबीएसला, आणि मध्ये सिंहस्थाच्या तयारीत खणलेले रस्ते. दोनशे रुपयांची पावती फाडायला रिक्षाला तेवढेच घालवून कोण येईल?

आता तुमच्या मुख्य तक्रारीकडे वळते. काम झालं की माणूस जातो, हे निरीक्षण खरं आहे. त्यावर तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

राज्य सरकारचा बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. त्या वर्षी त्याला तुमची गरज सर्वाधिक असते. सेवापुस्तक वेतन पडताळणीत अडकलेलं असतं, ना-देय प्रमाणपत्र राहिलेलं असतं, ग्रॅच्युइटी आणि रजा रोखीकरण येणं असतं, महालेखापाल कार्यालयाने काढलेली त्रुटी कुणाला वाचता येत नसते. हे सगळं मार्गी लागलं की त्याचं पेन्शनचं काम जवळपास संपतं. पुढे वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, हयातीचा दाखला. पेन्शनचा जो भाग त्याने विकलेला असतो (याला कम्युटेशन म्हणतात) तो १५ वर्षांनी पूर्ववत होतो, म्हणजे साधारण ७३ व्या वर्षी. ऐंशी पूर्ण झाल्यावर वाढीव पेन्शनचा प्रश्न. आणि मग, तो गेल्यावर, कुटुंबनिवृत्तिवेतनाचा. अधूनमधून वेतन आयोग: सातवा १ जानेवारी २०१६ पासून लागू, पण राज्यात त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी व्हायला २०१९ उजाडलं. म्हणजे साठी ते त्र्याहत्तरी या मधल्या काळात, वेतन आयोगाचं तेवढं सोडलं तर, धडधाकट माणसाला पेन्शनसाठी तुमच्याकडे यायचं कारणच नसतं. तो स्वार्थी आहे म्हणून येत नाही असं नव्हे. तुमची संघटना त्याच्या आयुष्यात ज्या एका दारातून येते, ते दार तेरा वर्षं बंद असतं.

आणि गंमत अशी की ते पुन्हा कधी उघडणार, हे त्याला माहीत नसतं पण तुम्हाला असतं. तुमच्या वहीत प्रत्येकाची जन्मतारीख आणि निवृत्तीची तारीख आहे. कार्यकारिणीत कुणीतरी निवृत्त लेखापाल असेलच. त्यांना एक तक्ता करायला सांगा: येत्या वर्षात कुणाच्या कम्युटेशनला १५ वर्षं होतात, कुणाला ऐंशी पूर्ण होतात. त्या माणसाला तीन महिने आधी फोन करा, "तुमची विकलेली पेन्शन अमुक महिन्यापासून पूर्ववत व्हायला हवी, पुढच्या महिन्याच्या रकमेवर लक्ष ठेवा, फरक दिसला नाही तर अर्ज आम्ही लिहून देतो." कम्युटेशनची पंधरा वर्षं प्रत्यक्ष कपात ज्या दिवसापासून सुरू झाली तिथून धरतात, त्यामुळे निवृत्तीची तारीख नुसती अंदाजाला घ्या आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, पाहून खात्री करा. असा एक फोन ज्याला येतो तो सोसायटीच्या बाकावर दहा जणांना सांगतो. वर्गणी मागायची गरज उरत नाही, असं म्हणणार नाही. मागावी लागतेच. पण मागताना आवाज वेगळा लागतो.

तीन प्रस्तावांबद्दल माझं मत स्पष्ट आहे.

व्हॉट्सॲपवरून कुणालाही काढू नका. दोनशे रुपयांसाठी साठीतल्या माणसाला "रिमूव्ह्ड" असं चारचौघांत दाखवणं हा अपमान आहे, आणि निवृत्त माणूस अपमान विसरत नाही. त्यापेक्षा ग्रुपचे दोन भाग करा. एकावर फक्त सचिव आणि कोषाध्यक्ष लिहितील: जीआर, तारखा, शिबिरं, निधनवार्ता. दुसऱ्यावर गुलाबाची फुलं, सुविचार आणि आठव्या वेतन आयोगाच्या वावड्या सुखाने नांदोत. आज तुमच्या ग्रुपवर हयातीच्या दाखल्याची सूचना शुभ सकाळच्या ढिगाऱ्याखाली गेली नसेल, असं छातीठोकपणे सांगता येईल का?

आजीव सभासदत्वाचा मोह मला समजतो. एकदाच तीन हजार घेतले की दरवर्षीची कटकट संपते. पण मग दरवर्षी सभासदाशी बोलायचं एकमेव निमित्तही संपतं. शिवाय चतुर्थश्रेणीतून निवृत्त झालेल्या शिपाईमामांना किंवा कुटुंबनिवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या बाईंना एकरकमी तीन हजार जड जातात, आणि पाच वर्षांनी कार्यालयाचं भाडं कुठून भरायचं हा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. आजीव ठेवायचंच असेल तर ऐच्छिक ठेवा, ती रक्कम मुदत ठेवीत टाका आणि खर्च फक्त व्याजातून करा. वार्षिक वर्गणी मात्र चालू राहू द्या. ती नोव्हेंबरात घ्या, कारण त्या महिन्यात बहुतेक पेन्शनर दाखल्यासाठी घराबाहेर पडतातच. यूपीआयचा कोड लावा, पावती त्याच दिवशी मोबाइलवर पाठवा. आणि वर्षाचा जमाखर्च एका पानावर सगळ्यांना द्या, अगदी चहाच्या खर्चासकट. आयुष्यभर ऑडिटच्या शेऱ्यांना उत्तरं दिलेली ही माणसं आहेत, हिशेब दिसला नाही की शंका घेणारच.

सभासद नसलेल्यांची कामं नाकारणं हा तिसरा प्रस्ताव. दाराशी आलेल्याला परत पाठवू नका, आणि काम अडलेलं असताना त्याच्याकडून वर्गणीही वसूल करू नका, त्याला खंडणीचा वास येतो. काम झाल्यावर मात्र त्याच्याकडून एक गोष्ट हक्काने मागा: वर्षातले दोन दिवस. "तुमचं वेतन पडताळणीचं प्रकरण सुटलं, आता असंच प्रकरण घेऊन पुढचा माणूस येईल तेव्हा त्याचे कागद तुम्ही लावून द्यायचे." ज्याने नुकताच तो त्रास भोगला आहे त्याला कुठला कागद कुठे अडतो हे तुमच्यापेक्षा ताजं ठाऊक असतं. जो केवळ लाभार्थी असतो तो निघून जातो. ज्याच्या अंगावर काम असतं तो बांधला जातो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, काल-परवापर्यंत शंभर जणांचं आस्थापना टेबल सांभाळणारा, तुमच्या सभेत टाळ्या वाजवायला का येईल?

आता ज्या मुद्द्यासाठी मी तुमचं पत्र निवडलं, तो. "दरवर्षी दहा-पंधरा सभासद निवर्ततात, त्यांची नावं कमी करावी लागतात," असं तुम्ही सहज लिहून गेलात. का कमी करावी लागतात?

माणूस जातो, पेन्शन घरात राहते. ती पत्नीच्या किंवा पतीच्या नावे कुटुंबनिवृत्तिवेतन म्हणून सुरू व्हायची असते, आणि आपोआप होत नाही. मृत्यूचा दाखला, पीपीओ, आधार, पॅन, बँक खातं घेऊन कुणालातरी बँकेत आणि ट्रेझरीत जावं लागतं. पीपीओमध्ये बाईंचं नाव लग्नाआधीचं, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. कित्येक घरांत पीपीओ कुठल्या कपाटात आहे हेही फक्त गेलेल्या माणसाला माहीत असायचं. मुलगा बँकेला कळवायचं विसरतो, वडिलांच्या खात्यात पेन्शन जमा होत राहते, एटीएममधून काढली जाते, आणि चार महिन्यांनी बँक वसुली काढते. ५८ व्या वर्षी तुमच्या सभासदाला संघटनेची जेवढी गरज होती त्याच्या कैक पटींनी जास्त गरज त्याच्या बायकोला या महिन्यांत असते. आणि नेमक्या त्याच महिन्यात तुम्ही वहीत लाल रेघ मारून एक घर संघटनेतून बाहेर काढता.

त्यावर वर्षातून एकदा महिलांसाठी कार्यक्रम कोणता, तर हळदीकुंकू. तुमच्या मनात तसं काही नसेल, मान्य. पण ज्या बाईला सगळ्यांत जास्त गरज आहे ती या बोलावण्याचा अर्थ काय लावते? बहुतेक जणी बोलावलं तरी येणार नाहीत, आणि बोलावताना तुमच्याच सभासदांची जीभ अडखळेल. हा कार्यक्रम बंद करा किंवा त्याचं स्वरूप असं बदला की कुणीच दाराबाहेर राहणार नाही. महाराष्ट्रात काही गावांनी विधवा प्रथांविरुद्ध ग्रामसभेत ठराव केले, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने २०२२ मध्ये वाट दाखवली. शहरातल्या निवृत्त अधिकाऱ्यांना ते जमू नये?

वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव करून घटनेत दुरुस्ती करा: कुटुंबनिवृत्तिवेतनधारक हे पूर्ण सभासद, मतदानाच्या आणि निवडणुकीच्या हक्कासह. निधनाची बातमी आली की हार घेऊन जाणारे जाऊ देत. पंधरा दिवसांनी मात्र दोघांनी, त्यांत एक बाई असावी, कागदांची यादी घेऊन त्या घरी जायचं. आणि त्याआधी, सभासद हयात असतानाच, येत्या नोव्हेंबरात प्रत्येकाला पीपीओ घेऊन बोलवा. पत्नीचं नाव, जन्मतारीख, फोटो बरोबर आहे का, बँक खात्यात दोघांची नावं आहेत का, एवढंच पाहायचं. जोडीने यायला सांगा. बऱ्याच जणी आपल्या नवऱ्याचा पीपीओ तेव्हा पहिल्यांदा पाहतील.

या शिबिरासाठी सीबीएसच्या दुसऱ्या मजल्याचा हट्ट नको. नाशिकरोड-जेलरोड, सिडको-इंदिरानगर, पंचवटी-म्हसरूळ, सातपूर-गंगापूर रोड असे चार भाग पाडा आणि प्रत्येक भागात तळमजल्यावरची एक जागा शोधा. ज्येष्ठ नागरिकांचं विरंगुळा केंद्र असेल, देवळाचा सभामंडप असेल, कुणाचं पार्किंग असेल. मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाणचा, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला करता येतो. ज्यांना जमत नाही त्यांना बँकेतल्या यादीवर सही करायला नेऊन आणा. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जा. "दाखला अपडेट करा" म्हणून लिंक पाठवणाऱ्या भामट्यांबद्दल तिथेच सांगा, आणि १९३० हा सायबर मदतीचा क्रमांक फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळतं, तेही याच टेबलावर होऊ शकतं. तालुक्यांचा विचार पुढच्या वर्षी. सुरगाणा-कळवणचा पेन्शनर मासिक सभेला येईल ही अपेक्षा आत्ताच सोडून द्या.

एक अवघड गोष्ट उरली. मी तुम्हाला सुरुवातीला सचिवसाहेब म्हटलं, तुम्हाला ते खटकलं नसणार. तुमच्या सभेत सगळेच निवृत्त आहेत, पण पहिल्या रांगेतल्या खुर्च्या अजून वर्ग एकच्या आहेत की काय? व्यासपीठावर माजी अधिकारी, सूत्रसंचालनाला माजी मुख्याध्यापक, चहाचे कप उचलायला नकळत माजी शिपाई, आणि एकुलत्या एक महिला सदस्याकडे पाहुण्यांचा पुष्पगुच्छ, असं चित्र असेल तर अर्धी गळती तिथेच आहे. ज्याने तीस वर्षं "साहेब, येऊ का?" विचारलं तो निवृत्तीनंतर पुन्हा ते विचारायला येणार नाही. पदनामं छापलेले बिल्ले बंद करा, नाव आणि राहता भाग एवढं पुरे. सहलीचंही तेच. खासगी लक्झरीचे दीड-दोन हजार भरणारे ठरावीकच असतात. पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी २०२२ पासून मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला निम्मं भाडं आहे. सप्तशृंगगडाला एसटीने जाऊन या, वेगळी माणसं दिसतील.

१७ डिसेंबरच्या सत्काराला माझी हरकत नाही, पण तो दिवस पेन्शनर्स दिन का, हे सभेतल्या किती जणांना ठाऊक आहे? १९८२ मध्ये त्या तारखेला सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नाकारा प्रकरणाचा निकाल दिला. सुधारित पेन्शनसूत्र केवळ ३१ मार्च १९७९ ला किंवा त्यानंतर निवृत्त झालेल्यांना देऊन आधीच्यांना वगळणारी अट सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने रद्द केली. अर्जदार तीन होते, दोन निवृत्त माणसं आणि एक संस्था. एकट्या म्हाताऱ्या माणसाला दिल्लीपर्यंत लढणं परवडत नाही, संस्थेला परवडतं, हे "माझं आता काय काम?" म्हणणाऱ्याला सांगण्यासारखं आहे. भाषणात सांगा. वर्गणीची पावती फाडताना नको.

नव्या लोकांबद्दल थोडंसं. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सेवेत लागलेल्यांपैकी बहुतेकांना जुनी पेन्शन नव्हती, अंशदानाची होती. ते आता हळूहळू निवृत्त होऊ लागलेत आणि त्यांचे प्रश्न कम्युटेशनचे नाहीत, खात्यात साठलेल्या रकमेचे आणि ॲन्युइटीचे, म्हणजे त्या रकमेतून विकत घ्यायच्या पेन्शनचे आहेत. तुमच्या कार्यकारिणीत ते कळणारं कुणी नसेल तर पुढची पिढी जिना चढणारच नाही. असा एक माणूस आजपासून शोधा, निवृत्त व्हायला वर्ष बाकी असलेला चालेल.

राजीनामा द्यायला हरकत नाही, पण नोव्हेंबर होऊन जाऊ द्या. थकवा खरा आहे आणि तो सचिवाने सगळी प्रकरणं स्वतःच्या पिशवीत घेऊन ट्रेझरीत फिरण्याने आलेला आहे. आत्ताच दोन सहसचिव नेमा, एक साठीच्या आतला, एक कुटुंबनिवृत्तिवेतनधारक. त्यांना प्रत्येक प्रकरणात बरोबर न्या. तक्ता, वही आणि ट्रेझरीतल्या टेबलांची माहिती त्यांच्या हाती आली की मार्चमध्ये मोकळे व्हा. नव्या कार्यकारिणीचा बदल अर्ज ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात जायला हवा, नाहीतर पुढच्या सचिवाचं पहिलं वर्ष बँकेतल्या सह्या बदलण्यात जाईल.